यान्बूच्या संसदेतली आमची खुर्ची

गुरुवारी ऑफिसातून थेट विमानतळ गाठला. रियाधहून यान्बूला गाडीने जायचं तर अख्खा दिवस वाळू बघण्यात जातो. विमान बरं, फक्त तिकीट आधी काढा. मी आयत्या वेळी महागडं काढलं, कारण दिगूदादाचा निरोपच तसा होता: "उद्या आमची खुर्ची जाणार बहुतेक. येऊन बघ तरी."

दिगूदादा माझा मावसभाऊ, गुहागरचा, यान्बूच्या तेलाच्या प्लांटवर वेल्डर. कॅम्पात नाना देशांचे कामगार, म्हणून भाषेगणिक एक प्रतिनिधी घेऊन समिती केलेली. सगळे तिला थट्टेने संसद म्हणतात. खुर्ची असली तरच त्या भाषेत सुरक्षेच्या सूचना मिळतात. गॅस सुटला तर कुठे पळायचं, हे त्यातच कळतं. मराठी माणसं कमी होत गेली आणि दादाच्या खुर्चीवर गदा आली.

शुक्रवारी दुपारी समुद्रकाठी जाळीवर भाजलेला मासा आणि भात घेतला. एक मासा दोघांना पुरतो. बांगड्याची सर नाही, पण खाऊन बघाच. दादा भात नुसता चिवडत होता.

"माझं सोड रे. भिकूचं काय?" भिकू त्यांच्यातला परांची बांधणारा, मराठीपलीकडे अक्षर कळत नाही, आणि लाजेपोटी सगळ्याला मान डोलावतो.

संध्याकाळी मेसमध्ये सभा भरली. मी मागे बसलो. अध्यक्ष केरळचे, सज्जन माणूस. त्यांनी आपुलकीने विचारलं, "मराठीवाले भाई, हिंदी में बताएँगे तो चलेगा?"

समोरच्याची अडचण नको, ही आपली जुनी खोड. "चलेगा साब, चलेगा," एकेक जण म्हणत गेला. भिकूनेही मान हलवली.

दादा उठला. भिकूबद्दल बोलला, गॅसबद्दल बोलला, पोटतिडकीने बोलला, आणि सगळं हिंदीत. मराठीत बोलला असता तर कळलं कुणाला असतं?

"दिगूभाई, इतनी अच्छी हिंदी बोलते हो," अध्यक्ष म्हणाले. "फिर अलग कुर्सी किसलिए?"

खलास. मला भयंकर राग आला आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

विमानतळावर सोडताना दादा एवढंच म्हणाला, "वाईट कोणीच वागलं नाही रे."

रियाधमध्ये अल मलाझला घरी पोचलो. लेकाने इंग्रजीत विचारलं, समुद्र कसा होता? मी मराठीत सांगितलं, निळाशार होता. खोटं नाही ते. यान्बूला जरूर जा, हिवाळ्यात जा. मला मात्र डोळे मिटले की मेसच दिसते, आणि वाईट वाटतं ते जात नाही.

पुढच्या शुक्रवारी दादाचा फोन आला.

"आता मी मागे बसतो. सूचना सांगून झाल्या की विचारतात, हिंदीवाले, सब समझा? आम्ही हात वर करतो."

"आणि भिकू?"

"त्याचा सगळ्यात आधी वर जातो."