आबांचा फेटा आणि कॅलेंडरात गुंडाळलेली कादंबरी

गडावर पर्यटकांना इतिहास सांगणं हा माझा धंदा. लोहगडवाडीच्या पार्किंगमध्ये गिऱ्हाईक गाठायचं आणि वरच्या टाक्यापाशी पोचेस्तोवर त्याचे पाय आणि शंका दोन्ही बंद पाडायच्या. माझ्या इतिहासात एक तोफगोळा आहे. तो समोरच्या डोंगराला वळसा घालून परत आपल्याच बुरुजावर येऊन बसतो, तोही गार होऊन. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. पण त्या सोमवारी दुपारी कुसगावच्या हॉटेलात माझी जीभ टाळूला अशी चिकटली, की सोडवायला जेसीबी बोलवावा लागतो की काय असं वाटलं.

आमचं वाचकांचं मंडळ आहे. शनिवार-रविवारची गर्दी ओसरली की सोमवारी आम्ही एका हॉटेलमालकाच्या जेवणघरात जमतो. मालक कादंबऱ्यांवर जगणारा. नायिका वारली की त्या दिवशी त्याच्याकडची भाजी खारट. त्याच्यासमोर बाई, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या लोणावळ्याने त्यांच्यापुढे उठाबशा काढल्यात, उरलेलं अर्धं नुसत्या नजरेने सरळ झालंय. मग मी. आणि वडिवळे धरणाच्या अंगाला भातशेती करणारे आबा. आबा एकेक पान दोनदा वाचल्याशिवाय उलटत नाहीत.

मंडळाचा नियम असा, की पुस्तक बिननावाचं वाचायचं. पूर्वी लेखकाचं नाव दिसलं की मत आधी तयार व्हायचं आणि वाचन राहून जायचं. एकदा तर बशा उडाल्या. त्यातली एक एक्स्प्रेसवेच्या पलीकडे गेली, ती अजून सापडायची आहे. तेव्हापासून बाई प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालतात आणि नावाची सुरुवातीची पानं कागदी पट्टी चिकटवून बंद करतात. सगळ्यांची मतं झाली की पट्टी फाडायची.

त्या खेपेला दोन पुस्तकं फिरत होती. एक जुनी गाजलेली कादंबरी आणि एक इतिहासाचं पुस्तक. आबांच्या हातात आधी कादंबरी गेली. भाषा बखरीसारखी, पानाखाली बारीक टायपात टिपा. आबांनी ती इतिहास म्हणून वाचली.

त्या दिवशी ते आले, चहाला हात लावला नाही. पिशवीतून एक डाळिंबी फेटा काढून टेबलावर ठेवला.

"आज सांजच्याला जत्रा कमिटीची बैठक हाय," ते म्हणाले. "ह्यो तितं ठेवून येतो. मान दुसऱ्या घराला द्या म्हनतो."

आबांच्या गावच्या जत्रेत पहिला नारळ त्यांच्या घराण्याचा. त्यांच्या कोणा पूर्वजाने वेढ्याच्या वेळी गडाचा दरवाजा पाठीने धरला आणि मरेस्तोवर उघडला नाही, म्हणून तो मान. दर वर्षी आबा हा फेटा बांधून देवळापुढे ती गोष्ट सांगतात आणि मग नारळ फोडतात. जत्रा त्याच रविवारी होती.

"झालं काय पण?" बाईंनी विचारलं.

आबांनी कॅलेंडराचं पुस्तक पुढे सरकवलं. "हितं लिवलंय. मावळातला गड, खाली नदी, दाराचा राखनदार. पहाटं त्यानं दार उघडून गनीम आत घेतला. नाव न्हाई दिलं, पर ह्यो आमचाच. फितुराच्या घरानं देवाम्होरं पैला नारळ फोडायचा व्हय?"

मालक हसला. तिथंच चुकला. "अहो आबा, ती कादंबरी आहे!"

बाईंनी टर्रकन पट्टी फाडली. आत ठळक छापलं होतं, 'कादंबरी'. आबांनी ते दोनदा वाचलं.

"मागच्या बैठकीला तुमीच म्हनालता ना मालक? कादंबरीत इतिहासापरीस जास्ती खरं असतं म्हनून?"

मालकाने बडीशेपेची वाटी जवळ ओढली आणि तिच्यात काहीतरी हरवल्यासारखा बघत बसला.

"मग बाई, तुमी सांगा. तुमच्या इतिहासात हाय का आमचा मानूस? दार धरलेला?"

बाईंना खोटं बोलता येत नाही, हा त्यांच्यातला एकमेव दोष. "मी पाहिलेल्या कुठल्याच कागदात नाही, आबा."

"म्हंजी न्हवताच?"

"तसंही म्हणता येत नाही. माहीत नाही, एवढंच."

आबा फेट्याची घडी घालू लागले. बाहेर कामशेतकडे जाणाऱ्या जीपने हॉर्न दिला. ही जीप गेली की मान गेला, हे सगळ्यांना दिसत होतं आणि तिघांपैकी कोणाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. माझ्यासुद्धा! शेवटी मी जीभ ओढून काढली.

"आबा, थांबा."

"तू तर गपच ऱ्हा. तुजा तोफगोळा आजून फिरतोय वर."

"म्हणूनच ऐका. थाप कुठं शिवलीय ते माझ्याइतकं कोण ओळखणार? दार उघडायच्या आधीचं पान वाचा."

आबांनी बोट ठेवून वाचलं. राखणदार एकटा आहे. अडसरावर हात आहे. पाळण्यातलं लेकरू त्याच्या डोळ्यांपुढे येतं, त्याचं मन कच खातं आणि तो अडसर काढतो. आत आलेली पहिली तलवार त्याच्याच मानेवर पडते.

"सोबत कोण होतं त्याच्या?" मी विचारलं.

"कोनी न्हाई."

"मरायच्या आधी कोणाशी बोलला?"

"न्हाई. जागीच गेला की."

"मग लेकरू डोळ्यांपुढे आलं हे लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं?"

आबांचं बोट त्या ओळीवर थांबलं. मी फुशारलो. "मी गडावर हेच करतो, आबा. मेलेल्याच्या डोक्यात शिरतो. तिथं तिकीट लागत नाही."

मालकाने टेबलावर थाप मारली. बाईसुद्धा हसल्या, म्हणजे त्यांची एक भुवई हलली. मला वाटलं, जिंकलो. पण आबांचा चेहरा उजळायच्या ऐवजी उतरत चालला होता.

"आमच्या गोष्टीतबी तो एकलाच हुता," ते हळू म्हणाले. "दाराला पाठ लावून. आन मी दर साली सांगतो, त्याच्या मनात आलं, जीव गेला तर जाऊ दे, दार जाता कामा नये. ते कोनी ऐकलं?"

एक भोक बुजवायला गेलो आणि सगळं धरण फोडून बसलो. जीपने पुन्हा हॉर्न दिला. आबांनी फेटा पिशवीत घातला आणि निघून गेले. चहावर साय धरली होती.

मधल्या दिवसांत आबांनी फोन उचलला नाही. रविवारी मालकाने ऐन गर्दीत हॉटेल बंद ठेवलं, हे कुसगावात अजून कोणाला पटत नाही. आम्ही तिघे देवळापुढच्या गर्दीत उभे. ढोल वाजत होते. लोक बाजूला झाले आणि मधून डाळिंबी रंग पुढे आला. मालकाने माझा हात इतका दाबला, की पंज्यातली हाडं अजून आपापल्या जागी परतताहेत.

आबा देवळापुढे उभे राहिले. एरवीची गोष्ट चांगली लांब असते, घोडे-बिडे असतात. त्या दिवशी ते म्हणाले, "आमचा मानूस गडाच्या दारावर मेला, आसं आमच्या घरात सांगत्यात. त्याच्या मनात काय हुतं ते मला ठावं न्हाई. कागद न्हाई. बैठकीत फेटा ठेवनार हुतो, पर म्हनलं आधी गावाला इचारावं. तुमाला मंजूर आसंल तर नारळ फोडतो. न्हाईतर फेटा हितंच ठेवतो."

ढोल थांबले. इतकं शांत झालं, की जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसलेली पोरंसुद्धा वरच्यावर अडकल्यासारखी दिसू लागली. कमिटीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. आबांचा हात फेट्याकडे गेला.

आणि ओट्यावर बसलेली, आबांहूनही थकलेली एक मावशी कावून ओरडली, "आरं, कागद कोन मागतंय तुला? फोड की! ऊन किती झालंय!"

हशा उसळला, ढोल सुटले आणि नारळाचे दोन सरळ तुकडे झाले.

गर्दी पांगल्यावर आबा आमच्याकडे आले. तिघांच्या तळहातांवर खोबऱ्याचा एकेक तुकडा ठेवला. मला दिला तो सगळ्यांत लहान होता.

"ते दुसरं पुस्तक द्या आता, बाई," ते म्हणाले. "इतिहासाचं. आन पट्टी आधी फाडून द्या."

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि तिथंच, स्वतःचा नियम स्वतः मोडत, पट्टी फाडली.