आंग अर्धं, थंडी अर्धी

माहं लेकरू महिनाभर आधीच झालं, दोन ओंजळीत मावन एवढं. दवाखान्यातल्या नर्सबाईनं बजावलं होतं, याले आंघोळ घालू नका, उघड्या छातीले लावून ठेवा. मी तसंच ठेवलं अन् दर घडीले त्याचे तळपाय चाचपत राह्यली, थंड तं नाई पडले. झोप नाई, जेवन नाई, नुसते तळपाय.

पाचव्या दिवशी पाचवीची पूजा. आमच्याकडं त्या दिवशी लेकराले अंगणात, पूजेले आलेल्या बायाईसमोर आंघोळ घालतेत. पूस महिना, जंगलाकडून असा वारा ये का चुलीवरच्या हंड्याची वाफ वाकडी होये. मी सासूले म्हटलं, "आत्याबाई, नर्सबाई नाई म्हणली." तं खाटेवरून भासरा बोलला. माह्या नवऱ्याचा मोठा भाऊ. बारावीले तीनदा बसला अन् तेवढ्यावर गावचा शहाणा झाला.

"माह्या पोराले अंगणातच घातली होती. हे तं त्याच्या अर्धं हाये. आंग अर्धं, थंडी अर्धी. साधा हिशोब हाये."

बायाईनं माना हलवल्या. मले त्या हिशोबाची किळस आली. माही शाळा नववीत सुटली, पण गुरुजीनं आमच्याकडून मातीचे ठोकळे करून घेतले होते. एका बोटाचे आठ ठोकळे रचले का दोन बोटाचा एक होते. लांबी दुप्पट, बाहेरचं आंग चौपट, माती आठपट. उन्हात लहान ठोकळे दुपारीच वाळले, मोठा दुसऱ्या दिवशीबी आतून ओला. लहान्याले आतल्या मानानं बाहेरचं आंग जास्त असते. ऊब आत राह्यते, जाते कातड्यातून. एवढं मातीले समजते, त्या शहाण्याले नाई.

पण सुनेनं भासऱ्याशी बोलाचं नाई, आमची रीतच हाये. मंग मी पदर ओढला अन् लेकराशीच बोलली, "बाबू, तुह्या मोठ्या बाबाले निखारे पाहा म्हण." चुलीतले दोन सारखे निखारे काढून परातीत ठेवले. एक तसाच, एक चिमट्यानं फोडून बारीक. परात वाऱ्यात सरकवली.

बारीक तुकडे पाहता पाहता काळे पडले. अख्खा निखारा लालच्या लाल. आत्याबाईनं एका तुकड्याले बोट लावलं. "हे तं गार झालं वं."

"लाकूड कच्चं अशीन," भासरा म्हणे.

"बाबू, त्याईले सांग, एकाच लाकडाचे हायेत."

एक बाई पदरात हासली. आत्याबाईनं परात पाहिली, मंग माह्या छातीवरचं लेकरू. म्हणाली, "राहू दे. कपाळाले ओलं बोट लाव, झाली पाचवी."

मी बोट लावलं अन् आत पळाली. तळपाय चाचपले. गरम होते. मले तवा रडू आलं.

हंड्यातल्या पाण्यानं मंग भासऱ्यानंच आंघोळ केली, अंगणात, "थंडी कुठं हाये" म्हणत, दात वाजवत. एवढं मोठं आंग, अन् आत ठेवाले काईच नाई.