दोन डाव्या पंखांचं विमान

मामानं हैदराबादहून आणलेला तो डबा खरं तर माझ्या मोठ्या भावासाठी होता. भाऊ तोवर कॉलेजसाठी सोलापूरला निघून गेला होता. त्यामुळं डबा घरी राहिला, आणि मॅट्रिक होऊन मीही घरीच राहिले होते. डब्यावर रंगीत चित्र होतं: एकावर एक दोन पंख असलेलं जुन्या धाटणीचं विमान, खाली हिरवी शेतं, आणि वैमानिकाच्या गळ्यातला मफलर मागं उडत असलेला. आतल्या सामानाचा त्या चित्राशी काडीचा संबंध नव्हता.

लाकूड पोळपाटासारखं जाड. डिंकाची नळी वाळून दगड झालेली. रबर हात लावताच तुटलं. एक चाक लहान, एक मोठं. आणि कहर म्हणजे वरच्या पंखाचे दोन्ही भाग डावेच, उजवा नव्हताच. तो डबा ज्यानं भरला असेल त्याला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की त्या आईच्या कानावर गेल्या असत्या तर माझं लग्न आणखी लवकर उरकलं असतं.

कारण माझं लग्न ठरवणं हाच तेव्हा आमच्या धाराशिवच्या घराचा उद्योग होता. वडील दिवसभर कचेरीत जुनं उर्दू दफ्तर मराठीत उतरवायचे आणि संध्याकाळी स्थळांच्या चौकशा करायचे. माझं बाहेर जाणं बंद झालं होतं. देवळात जायचं ते आईबरोबर, मान खाली घालून. दुपारी मला मण्यांचं तोरण विणायला बसवत, कारण मुलगी बघायला येणाऱ्यांपुढं तिचं हातकाम मांडावं लागे. ते मणी मला डोळ्यांसमोर नको झाले होते. मी गुदमरत होते. हे मला तेव्हाही कळत होतं, फक्त कुणाला सांगून उपयोग होईल असं वाटत नव्हतं.

तोरणाच्या आडोशानं मी त्या डब्याला हात घातला. डाव्या पंखाचा आकार कागदावर काढला, कागदाला तेल चोळलं आणि तो उलटा धरला. पलीकडून दिसला तो उजवा पंख. भरतकामाचा नमुना फिरवून घ्यायची ही आईचीच रीत होती, तिनंच मला शिकवली होती. जाड लाकूड बाजूला टाकलं. जुन्या सुपाच्या बांबूच्या कांब्या सोलून पंखांचा सांगाडा केला. आडव्या पट्ट्यांना ज्वारीच्या धाटातलं पांढरं भेंड वापरलं, ज्याच्या पोरं बैलगाड्या करतात. वर पतंगाचा कागद लावला आणि त्यावरून धोतराची खळ फिरवली. खळ वाळली तसा कागद ताठ झाला, पण इतका ताठ की पंखच पिळवटला. मग चहाच्या भांड्यावर वाफ देऊन तो सरळ केला आणि पाटाखाली दाबून ठेवला. दोन पंखांमधल्या तारांच्या जागी तोरणाचा दोरा ओढला. त्या महिन्यात तोरण काही वाढलं नाही.

सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापून रबराच्या जागी लावली. पुढचा पंखा बोटानं उलटा फिरवत राहिलं की ती पिळली जायची आणि सोडली की भर्रकन उलगडायची. नाक हलकं पडत होतं, म्हणून आईच्या कुंकवाखालचं मेण तिथं थापलं. शेवटी डब्यातलं म्हणावं असं विमानात काय उरलं, तर तो पंखा आणि चाकं. चाकंसुद्धा मी घासून सारखी केली होती.

आणि ते उडालं! माजघरात उडालं, म्हणजे उतरंडीपासून सुटलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आपटलं. प्रत्येक वेळी तसंच. पीळ अजून शिल्लक असायचा, पंखा भिंतीशी तडफडत फिरत राहायचा, पण पुढं जागाच नसायची. नाक दर वेळी चेपायचं आणि मी मेण पुन्हा थापायचे. परसातही तीच गत, चारी बाजूंनी भिंती. कुणी म्हणेल, विमान म्हणजे तूच की. असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला ते फक्त एकदा मोकळ्यावर सोडायचं होतं आणि कुठवर जातं ते बघायचं होतं.

मी आईला म्हटलं, एकदाच माळावर जाऊ दे. तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं, “माळावर विमान घेऊन पळणारी पोरगी कोण करून घेईल? लगीन झाल्यावर उडव काय उडवायचं ते.”

लग्न ठरलं तुळजापुरात. यात्रेकरूंना उतरवून घेणारं, देवीच्या सेवेतलं घर. आमच्याकडं रुखवताची तयारी सुरू झाली. मुलीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू मांडवात मांडायच्या आणि मग तिच्याबरोबर सासरी पाठवायच्या. तोरण अर्धंच होतं. तेव्हा आईला विमान आठवलं.

आईनंही त्यात सुधारणा केली. चाकं एका फळीला तारेनं घट्ट आवळली. पोरांनी फिरवू नये म्हणून पुढच्या पंख्यावर लाख ओतली. वैमानिकाच्या जागी लाखेची नवरानवरी चिकटवली आणि फळीवर हिरवा रंग दिला. मला हळद लागली होती, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. मी आतून बघत होते. मला फार राग आला. मांडवात बायका मात्र विमानाभोवती गोळा झाल्या. आईला इतकं खुललेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी तक्रार केली नाही.

सासरी विमान काचेच्या कपाटात गेलं. यात्रेकरू आले की माझे यजमान कौतुकानं दाखवायचे, आमच्या मंडळींनी केलंय म्हणून. माणूस वाईट नव्हता. एकदा मी सासूबाईंना विचारलं, जरा बाहेर काढू का? त्या म्हणाल्या, शोभेची वस्तू आहे, शोभेलाच राहू दे. त्या घरात पाहुणे उठले की दुसरे पाहुणे बसायचे. माझा दिवस चुलीपासून मोरीपर्यंत होता, आणि काचेतलं विमान येता-जाता दिसायचं.

मग नवरात्र आलं आणि नेमकी मी बाजूला बसले. देवीचं घर, त्यात नवरात्र, त्यामुळं सोवळंओवळं फार कडक. परसातल्या खोलीत एक घोंगडी आणि एक तांब्या घेऊन बसायचं. मी ज्याला शिवेन ते बाटणार. त्या सकाळी घरातले सगळे, उतरलेले यात्रेकरूसुद्धा, देवळात गेले. घर पहिल्यांदाच रिकामं झालं. आणि मला एकदम सुचलं, मी विमानाला हात लावला की ते परत कपाटात जाणार नाही. कापड धुता येतं, भांडं घासता येतं, कागदाचं विमान कशानं शुद्ध करणार?

मी आत गेले, कपाट उघडलं आणि विमान उचलून परसात आणलं. चाकांची तार दातांनी सैल केली. पंख्यावरची लाख नखानं खरवडली. नवरानवरी सांध्यापासून सुटली, ती फळीवर ठेवून दिली. रबर अजून चिवट होतं. बोट दुखेपर्यंत पीळ भरला आणि वाऱ्याकडं तोंड करून विमान सोडलं.

ते आधी खाली आलं. मला वाटलं संपलं. मग घाटाकडून वर चढणारा वारा दोन्ही पंखांखाली शिरला आणि ते उठलं, उठतच राहिलं. कडूनिंबाला वळसा घेऊन भिंतीवरून पलीकडं गेलं. पंख्याचा भर्र आवाज क्षणभर आला. मग समोर नुसती भिंत. दारापलीकडं गल्ली यात्रेकरूंनी भरलेली, न्हाऊन ओल्या कपड्यांनी देवीला निघालेले. मला तसं बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. मी भिंतीला कान लावून उभी राहिले, पण संबळाच्या आवाजात काहीच कळलं नाही.

सासूबाई परत आल्या. मोकळी फळी बघून लांबूनच म्हणाल्या, “विमान कुठाय?”

“उडालं,” मी म्हणाले. “भिंतीवरून पलीकडं गेलं.”

“माज आलाय तुला,” त्या म्हणाल्या.

मी खोटं बोलत नव्हते, पण माझ्यावर विश्वास ठेवणारं त्या घरात कुणी नव्हतं. न्हाऊन घरात आल्यावर मी उतारावर शोधायला जाऊ का म्हणून विचारलं. एकटीनं जायचं नाही, असं उत्तर आलं, आणि बरोबर यायला कुणाला वेळ नव्हता. सासूबाईंनी फळी आणि बाहुल्या धुऊन घेतल्या, नवरानवरी पुन्हा चिकटवली आणि ती फळी कपाटात ठेवून दिली. पुढं कितीतरी वर्षं ते दोघं तिथं बसले होते, नुसत्या हिरव्या फळीवर.