बांबूचं झबलं

नात दवाखान्यातून घरी आली, तसं मी कपाट उपसलं. बाळाच्या अंगाला पहिलं लागावं ते घरातलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, अशी आमच्याकडची रीत. पण माझ्या साऱ्या साड्या सिंथेटिक. नोकरीच्या धबडग्यात इस्त्री नको म्हणून घेतलेल्या. वर्षानुवर्षं नेसूनही एकही विटली नाही, की मऊ पडली नाही.

"आई, राहू द्या. बांबूच्या धाग्याचं झबलं मागवलंय," सून म्हणाली. "हात तर लावून बघा."

लावला. सायीसारखं मऊ. कुणाच्याही अंगावर न झिजता कापड इतकं मऊ होतं तरी कसं?

त्यात बाळ शांत झोपलं. मी साड्यांच्या घड्या घालत बसले. नातीला द्यावं असं, माझ्या अंगावर झिजलेलं, माझ्याजवळ काहीच नव्हतं.