बारवेतलं मॉस

आमच्या गावात घटस्थापनेआधी बायका बारवेच्या पायऱ्या आणि भिंती खुरप्यानं खरवडून चुना लावतात. यंदा मला त्याचीच धास्ती होती. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. भिंतीवरच्या मऊ हिरव्या मॉसचा, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या इवल्या वनस्पतीचा, फोटो मी बॉटनीच्या मॅडमना दाखवला होता. त्या म्हणाल्या, "हे फार दुर्मिळ वाटतंय. पण संरक्षित यादीत नाही, कारण आपल्याकडं कुणी पाहणीच केलेली नाही. जागा सांगत सुटू नकोस, लोक ओरबाडून नेतात."

आईचं खुरपं भिंतीला टेकलं, तेव्हा मात्र राहवलं नाही.

"आई, तेवढं राहू दे."

"का गं? शेवाळ हाय ते."

"शेवाळ न्हाई. लई दुर्मिळ हाय, नाहीसं होईल."

वरच्या पायरीवरून काकू हसली, "कॉलेजात शेवाळाला मखर करायला शिकवत्यात व्हय?"

आईनं तेवढा तुकडा सोडून सगळीकडे चुना फासला. मला हायसं वाटलं, पण थोडाच वेळ. आता पांढऱ्या भिंतीवर ते हिरवं लांबूनच दिसतं आणि पाण्याला येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय आहे. दुर्मिळ म्हणावं तर लोक ओरबाडून नेतील, शेवाळ म्हणावं तर कुणीतरी खरवडून टाकेल. रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी ते जागेवर आहे का, तेवढं भीत भीत बघून येते.