वेबकॉमिकात आबांचा फोटो

जांबे गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल आरोही दर गुरुवारी इंटरनेटवर एक वेबकॉमिक टाकते. ते या वाचनालयातच घडतं. त्यात वर्षानुवर्षं प्रबंध पुरा न करणारे एक सर आहेत, पुस्तक परत करणं ही गेममधली अवघड लेव्हल समजणारा एक पोरगा आहे आणि तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरणारे एक आजोबा. हिंजवडीच्या कंपन्यांतली मंडळी ते डब्याच्या सुट्टीत वाचतात.

ते आजोबा म्हणजे हैबतराव. वाचनालयाची खोली त्यांचीच, फुकट दिलेली. त्यांच्या एका भाडेकरूनं कॉमिक दाखवलं तसे ते तडक वाचनालयात आले. आरोही माफी मागायच्या तयारीत होती.

"घोरतोय तर घोरतोय," हैबतराव म्हणाले. "पर माजा फोटू कुटं हाय?"

"आबा, ते चित्र तुमचंच आहे."

"चित्र कुनाचंबी आसतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आसतो तसा फोटू पायजे, गॉगल घातल्याला. आन् खाली शुभेच्छुक."

"कॉमिकमध्ये शुभेच्छुक नसतात हो!"

"आपल्या गावच्यात आसत्याल. न्हाई तर खोलीला गिऱ्हाइकं लई हायेत."

आरोहीनं त्यांना आणखी मोठं काढलं. मिशीला पीळ दिला, बोटात अंगठी घातली. आबांनी मोबाइल लांब धरून पाहिला. "ह्यो तर आमचा भावकीतला जनार्दन दिसतुया." दुसऱ्या दिवशी ते एका माणसाला घेऊन आले. तो माणूस कपाटांमागची भिंत टेपानं मोजू लागला. त्या गुरुवारी आरोहीनं मुकाट्यानं प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात आबांचा फोटो चिकटवला, गॉगलसकट. खाली शुभेच्छुकही.

वाचकांना हा तिचा आजवरचा सर्वांत भन्नाट विनोद वाटला. शनिवारी मोटारसायकलींवरून पोरं-पोरी आल्या, 'गॉगलवाले आबा कुठे बसतात?' विचारत. पुस्तक कुणी मागितलं नाही.

खोली वाचली. आता दर शनिवारी आरोहीनं कुलूप काढलं की तिच्याआधी आबा आत शिरतात आणि कादंबऱ्यांच्या कपाटाला पाठ लावून खुर्ची टाकतात. परवा अंगणवाडीतल्या साळूबाई पुस्तक बदलायला आल्या, तेव्हा दारापर्यंत रांग होती.

"आबा, जरा सरका," आरोही म्हणाली. "कपाट उघडायचंय."

"थांब की," आबा ओठ न हलवता म्हणाले. "फोटू चाललाय."

"आबा, हे वाचनालय आहे!"

"मंग? मी कुटं न्हाई म्हनलं?"

साळूबाईंनी वाचलेलंच पुस्तक पुन्हा पिशवीत घातलं. "ऱ्हाऊ दे बाई," त्या म्हणाल्या. "हेच परत वाचते. तुमचं चालू द्या."