धनुर्वात आणि शांतवनकाकांची ढोलकी

"टिटॅनस," सांगलीच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. म्हणजे धनुर्वात. माझ्या नवऱ्याचं तोंड सकाळपासून उघडत नव्हतं आणि मला वाटत होतं, दाढ सुजली असेल. शाळेत आरोग्याचे धडे शिकवणारी बाई मी, डोंबल शिकवत होते!

हे वडूजजवळच्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचे पाळक. आठवड्यापूर्वी, बौद्ध झालेल्या घरांना गावकरी विहिरीवर पाणी भरू देईनात, तेव्हा हे मध्ये उभे राहिले. घागरी फुटल्या, काठ्या-फावडी चालली. एका फावड्यानं यांची नडगी फोडली. तशाच पायानं यांनी जखमींना बैलगाडीत घातलं, मारणाऱ्यांतल्याही एकाला, आणि वडूजच्या दवाखान्यात नेलं. तिथं टिटॅनसची इंजेक्शनं कमी निघाली. यांनी बाकी सगळ्यांना टोचायला लावलं आणि घरी येऊन म्हणाले, मला नुसतं खरचटलंय. वर हळद दाबली. पुन्हा जाऊन टोचून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. ते मला अजून खातं. तुमच्या घरात कुणाला गंजकं लोखंड लागलं तर तिसऱ्यांदाही सांगा, भांडून सांगा.

डॉक्टरांनी बजावलं, "अंधार आणि शांतता, हे निम्मं औषध. आवाज झाला की स्पॅझम येईल." स्पॅझम म्हणजे झटका. माझ्या हातून चमचा पडला आणि यांचं अंग कमानीसारखं उचललं गेलं. डोकं आणि टाचा तेवढ्या खाटेवर. दात करकरले, जीभ चावली गेली, उशी रक्तानं भिजली. आणि शुद्ध पूर्ण! सगळं कळत होतं त्यांना. मी वाट्या-चमचे फडक्यात गुंडाळले. हातातल्या बांगड्याही उतरवल्या. शेजारच्या खोलीतली बाई म्हणाली, सवाष्णीनं असं करू नये. मी त्याही फडक्यात बांधून ठेवल्या.

चौथ्या दिवशी झटके कमी झाले. आता आशा आहे, असं डॉक्टर पहिल्यांदाच म्हणाले.

पाचव्या दिवशी आमची मंडळी आली. आजाऱ्याजवळ बसून भजन म्हणायचं, ही आमची रीत. हे स्वतः तेवढ्यासाठी सायकलवरून गावोगाव जायचे. आवाज चालत नाही, असा निरोप गावी धाडायचं मला सुचलं नव्हतं. मी पाणी आणायला गेले होते. म्हाताऱ्या शांतवनकाकांनी खिडकीबाहेर ढोलकीवर थाप मारली, सगळ्यांनी सूर धरला, आणि आत खाट भिंतीवर आदळू लागली.

मी धावत गेले, ढोलकी हिसकावून दगडावर आपटली. एका बाजूचं कातडं फाटलं. काकांच्या तोंडात मारली, बापाच्या वयाच्या माणसाच्या.

"आवं बाई," काका एवढंच म्हणाले, "आमास्नी ठावं न्हवतं."

त्या झटक्यात श्वास अडकला तो पुरता मोकळा झालाच नाही. दुपारी हे गेले. झटका आवाजाशिवायही आला असता, असं डॉक्टर म्हणाले. एखाद्या दिवशी मला ते पटतं.

दफनाला सारं गाव आलं, विहिरीवरचे दोन्हीकडचे लोक आले. फावडं मारणाराही आला आणि त्यानं खड्ड्यात माती लोटली. पण मंडळी गप्प. गाण्याशिवाय आमच्यात कुणाला माती देत नाहीत, तरी एकाचंही तोंड उघडेना. सगळे माझ्याकडे बघत होते. शांतवनकाका मागे उभे होते, काखेत ढोलकी, फडक्यात गुंडाळलेली.

मी जाऊन ते फडकं सोडलं.

"वाजवा, काका. आता त्यांना त्रास होत नाही."

काकांनी धड राहिलेल्या बाजूवर थाप मारली. पहिली ओळ मीच म्हटली, घसा फाटेपर्यंत.